उन्हाने खाल्लेला लाल

कामशातने मशाल उचलली आणि घर पेटवून दिलं.

घर नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं होतं, गोल, मळकट पांढरं, टेकडीच्या कुशीत एकटंच उभं. दाराशी रोवलेल्या लांब काठीला लाल फडकं बांधलेलं होतं. आग खालून वर चढली. आधी नमदा, मग छपराचं लाकडी कडं, आणि सगळ्यात शेवटी ते फडकं. आत एक बाई गेलेल्या माणसाच्या नावाने सूर काढून रडत होती. तिचा आवाज ओळीच्या मध्येच तुटला. मग पडद्यावर नुसता वारा राहिला. कामशातने हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला, खुर्चीतल्या खुर्चीत मागे बसलेल्या ओराजकडे वळली आणि मोठ्या माणसाला हाक मारतात तसं म्हणाली, "आगाय, इथे शत्रू नव्हताच की! बाई उगाच मेली."

खोलीतले दोघेतिघे हसले. ओराज हसला नाही. कोऱ्या माणसाला बोलवायचं, खेळ त्याच्या हाती द्यायचा आणि मागे गप्प बसून बघायचं, ही त्या खेळ बनवणाऱ्या ऑफिसची रीत होती. विचारायचं नाही, सुचवायचं नाही, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. कामशात ही कॉलेजात शिकणारी पोर, तिने हा खेळ आज पहिल्यांदा बघितला होता. ओराज मात्र चार वर्षं या खेळात राहत होता. गवताचा हिरवा कुठला, सावलीत किती निळा, पहाटेच्या आभाळात पिवळा कुठून शिरतो, कुठे थांबतो, हे सगळं ठरवणं त्याचं काम. त्याने रीत मोडली.

"का पेटवलंस?"

"लाल होतं ना, म्हणून." तिला प्रश्नच कळला नव्हता. "तुमच्या खेळात लाल म्हणजे वाईट माणूस. शिरस्त्राणावर लाल गोंडा दिसला की मारायचं. घरावर दिसला, पेटवलं. चुकलं का माझं?"

"नाही. तुझं नाही चुकलं."

"बघा ओरेके, तुमचा नियम पोरीच्या अंगात किती भिनलाय." हे आल्दियार म्हणाला. सगळ्या खेळाचा कारभार त्याच्याकडे होता. वयाने ओराजपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तो ओराजला मानाने ओरेके म्हणायचा आणि त्याच मानाच्या सुरात कामाला जुंपायचा. कामशात चहा प्यायला बाहेर गेली तसा तो पडद्याजवळ आला. "पण हे फडकं इथे लावलं कुणी?"

"मी."

"तुम्ही? लालाचं एक बोट कुठे वाया गेलं तर पोरांवर खेकसणारे तुम्ही?"

"त्या घरातला तरणा मुलगा गेलाय. तरणा गेला की दारात लाल लावायचं. मधल्या वयाचा गेला तर काळं. म्हातारा गेला तर पांढरं."

"हां, आजोबा सांगायचे असलं काहीतरी. पण आता कुणाच्या लक्षात आहे ते? इथल्याच पोरीने घर जाळलं, तर बाहेरच्या देशातला माणूस काय करेल? पांढरं करून टाका, मिटलं."

"पांढरं म्हाताऱ्याचं."

"मग काळं करा."

"अरे, तो एकोणीस वर्षांचा आहे."

"कोण?" आल्दियारने त्याच्याकडे नीट बघितलं. "कुठला मुलगा, ओरेके? खेळात मुलगा नाहीच आहे. घर आहे, आत बाई आहे, बाईचा आवाज आहे. बस्स." मग त्याचा आवाज खाली आला. "शुक्रवारी पुन्हा माणसं बसवतोय. तोवर बघा काय जमतं ते. नाहीतर घरच काढून टाकतो. टेकडी रिकामी चांगली दिसेल."

खेळात मुलगा नव्हताच, हे खरं होतं. ओराज जागेवर येऊन बसला तरी ते वाक्य कानात राहिलं. त्याच्या मागच्या भिंतीवर खेळाची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची बारकी बारकी चित्रं एका ओळीत चिकटवलेली होती. लांबून बघितलं की चित्रं दिसत नसत, रंगांचा पट्टा तेवढा दिसे: पिवळसर, मग हिरवा, मग राखी, मध्येच लालाचा एक फटकारा, पुन्हा राखी. हा पट्टा त्याने पहिल्या वर्षी लावला आणि तेव्हाच सगळ्यांना बजावलं की लाल हा महागडा रंग आहे, उधळायचा नाही. गालिच्यात लाल नको, सफरचंदं पिवळी काढा, बायकांच्या झग्यांना विटकरी चालेल, पण खरा, ताजा लाल फक्त शत्रूच्या अंगावर. हजार माणसांच्या गर्दीत एकाच्या डोक्यावर तो असला की डोळा आधी तिथे जातो. विचार मागाहून येतो. असा नियम घालणाऱ्या माणसानेच त्या घरावर लाल फडकं लावलं होतं आणि त्याला ते दिसलं नव्हतं. लावताना त्याच्या मनात काहीही नव्हतं. माणूस दारातून आत जाताना चपला काढतो तसं त्याने ते लावलं. तरणा गेला, लाल लावलं. ऑफिसातल्या कुणालाच ते खटकलं नाही. सगळे इथलेच, कधी ना कधी कुणाच्या आजोबांकडून ऐकलेले. बघून बघून तेही त्यावरून नजर पुढे नेत राहिले.

त्या संध्याकाळी तो बसमध्ये चढला नाही. वर, डोंगराच्या बाजूला, चालत सुटला. नोव्हेंबर लागला होता. रस्त्याकडेच्या पाटांतलं पाणी बंद झालं होतं आणि त्यांत ओकची पानं कुजत पडली होती. खाली शहरात कोळशाचा धूर साचलेला, वर डोंगर असायला हवा तिथे नुसता राखी पडदा. लांबची वस्तू आधी निळसर होते, मग करडी होते, मग नसते. हे तो नव्या पोरांना शिकवायचा. इथे तर समोरची इमारतही नसण्याच्या बेतात होती. पण चौकातला लाल दिवा त्या धुरातूनही भोकासारखा दिसत होता, आणि सगळ्या गाड्या त्याच्यापुढे शहाण्यासारख्या उभ्या होत्या. ओराजही उभा राहिला. त्याच्या शेजारी एक बाई पिशवीत गरम पाव घेऊन उभी होती, पावाचा वास येत होता, आणि त्या वासावरून कसं कोण जाणे, त्याला आपल्या गावची गल्ली दिसली, शरदातली, कोरडी, आणि गल्लीत उभा असलेला लष्करी ट्रक.

तेव्हा तो सात वर्षांचा होता. ट्रकमधून दोन शिपाई आणि एक अधिकारी उतरले आणि त्यांनी जस्ताची पेटी उतरवली. पेटीला काच नव्हती, फट नव्हती, नुसता झाळलेला सांधा. तिच्यावर लाल कापड घातलेलं. आपा, म्हणजे आई, म्हणाली, "उघडा." अधिकारी म्हणाला, परवानगी नाही. आपा म्हणाली, "मग हा माझा आहे कशावरून?" अधिकाऱ्याने टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. ओराजचा थोरला भाऊ दाउलेन वर्षापूर्वी दक्षिणेच्या सरहद्दीपलीकडे लढायला गेला होता. ओराजला त्याचा चेहरा आठवत नाही. फोटो आहे, पण फोटोतला माणूस करडा. करडे ओठ, करडा सदरा, डोळ्यांच्या जागी दोन गडद ठिपके. त्याच्याबद्दल स्वतःचं असं आठवतं ते एवढंच, की घोड्यावर पुढ्यात बसवून त्याने एकदा नदीवर नेलं होतं, आणि पाठीमागून घामाचा नि ताज्या दह्याचा वास येत होता. माणूस पाठीमागे होता, म्हणून दिसला नाही. पुढे दिसली ती पेटी. आणि पेटीवरचा लाल.

ते कापड शिपायांना परत न्यायचं होतं. आपाने दिलं नाही. दफन झाल्यावर तिने ते दुमडून त्याचा निमुळता पट्टा शिवला आणि दाउलेनची घोडे धरायची लांब काठी घराच्या दाराशी रोवून तिला बांधला. बेकसेईत हा गावचा सरकारी प्रमुख. तो दुसऱ्याच दिवशी आला, उंबऱ्यात बूट काढत म्हणाला, "राबिगा, वरून सांगून आलंय, गाजावाजा नको."

"मी कुठे गाजावाजा केला? फडकं लावलंय."

"कसलं फडकं ते कळतं मला. मी काय आभाळातून पडलोय?"

"मग सांग की काढायला. तोंडाने म्हण, लाल काढ."

बेकसेईतने दाराबाहेर बघितलं. गल्लीच्या टोकाला त्याची कचेरी होती आणि कचेरीवर त्याच रंगाचा झेंडा होता. मग तो ओराजच्या बापाकडे वळून म्हणाला, "तुझ्या बायकोने मला बरोबर कोपऱ्यात धरलं. लाल काढा, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू?" त्याने चहा घेतला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून दुवा म्हटली आणि गेला. जाताना त्याने वर बघितलं नाही.

तो लाल ओराजच्या डोळ्यांत राहिला. शाळेतून येताना गावाबाहेरच्या चढावरून घर दिसायचं नाही, ती रेघ दिसायची. मातकट गाव, मातकट गवत, करडं आभाळ आणि त्यांत ती. वाटेने जाणारे स्वार ती बघून लगाम ओढायचे, आणि मग तिथूनच घोडा फेकत "अरे माझ्या भावा रे" असं ओरडत दारापर्यंत यायचे. कुणी त्यांना सांगितलेलं नसायचं. रंगाने सांगितलेलं असायचं, कोण गेलं, केवढा होता. मग क्रांतीचा सण आला. एका रात्रीत सगळ्या गल्लीवर लाल उगवला. खिडक्यांवर, कुंपणांवर, दुकानावर, ट्रॅक्टरच्या नळीवर. सकाळी आपा दुधाची बादली घेऊन बाहेर आली, तिने वर बघितलं आणि बादली खाली ठेवली. चहूकडे एवढा लाल होता की दाउलेनचा कुठला, ते सांगता येत नव्हतं. तिने बापाला हाक मारली. बापाने काही न विचारता फडकं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. तासाभरात बेकसेईत धावत आला, गळ्यात सणाचा पट्टा, कपाळावर घाम. "अगं लाव गं बाई! दोन महिने मी डोळे मिटले, आजच्या दिवशी तरी लाव! वरून माणसं येतायत. सगळ्या गल्लीत तुझं एकटीचं घर बोडकं दिसतंय."

"दिसतंय ना?" आपा म्हणाली. "मग झालं."

दिवा हिरवा झाला होता. पाववाली बाई केव्हाच पलीकडे गेली होती. ओराज चालायला लागला. त्याने आयुष्यभर रंग केले. कला शाळेत शिकला, मग लाल झेंड्याचं सरकार गेलं, देशच बदलला, तेव्हा बाजारात कबाबवाल्यांच्या पाट्या रंगवल्या, मग संगणकावर आला. आणि जिथे जिथे डोळा आधी गेला पाहिजे असं असे तिथे तिथे त्याने एकच लाल लावला. तो त्याला शोधावा लागत नसे. डोळे मिटले की तयार. हाताखालच्या पोरांनी तर त्याला नाव ठेवलं होतं, ओरेकेंचा लाल. हा लाल तो पाट्यांवर लावत आला, आणि खेळात आल्यापासून शत्रूंवर. राक्षसांवर, दरोडेखोरांवर, जो मरायला हवा त्या प्रत्येकाच्या टोपीवर. हजारो अनोळखी पोरांनी, कुठल्या कुठल्या देशांत, तो लाल बघितला आणि बाण सोडला. आज कामशातने मशाल लावली. शत्रूचा लाल चुकून घरावर आला, असं आल्दियारला वाटत होतं. पण उलटं होतं. मुळात तो दाउलेनच्या घरावरचाच होता. तिथून तो शत्रूंवर गेला होता. हे त्याला त्या धुरात, एका बंद पडलेल्या पाटाजवळ कळलं, आणि तो कठड्याला हात टेकून थांबला. कठडा गार होता. त्याने हाताकडे बघितलं, जणू काही लागलं असेल.

घरी आपा खिडकीशी बसली होती. ओराजची बायको लेकीच्या बाळंतपणाला अस्तानाला गेलेली, म्हणून दोघंच. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण तीन जिने हट्टाने चढणारी. उन्हाळ्यात तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. दुसऱ्याला ती हात लावू देत नव्हती. तिने एक डोळा झाकून त्याच्याकडे बघितलं, मग दुसरा झाकून.

"या नव्या डोळ्याने तू माझा पोरगा दिसतोस," ती म्हणाली, "आणि या जुन्याने तुझा बाप. पिवळट, उदास. आज दोन्हीने बापच दिसतोयस. काय झालं?"

"काही नाही. चालत आलो."

"चालत! मोटारी कमी पडल्या काय गावात? बस. चहा निवतोय."

तिने वाटीत चहा अर्धाच ओतला, कारण भरून दिला म्हणजे पाहुण्याला उठा म्हटल्यासारखं. दूध घातलं. त्याने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. चाळीस वर्षांत त्याने तिला हे कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं ठरलेलंही नव्हतं.

"आपा, दाउलेनचं फडकं कसल्या लालाचं होतं?"

चहाच्या भांड्यावरचं फडकं तिने उचललं, झटकलं, परत घातलं. खालच्या अंगणात कुणीतरी गालिचा बडवत होतं, एकसारखा धप धप आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कुठल्या दिवशीचं विचारतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सणाचा तो दिवस सोडला तर वर्षभर होतं ते बाहेर. वाऱ्यात, बर्फात. पहिल्या दिवशी रक्तासारखं होतं. मला वर बघवायचं नाही. दूध काढायला जायची ती मान खाली घालून. बर्फ वितळून नौरोज आला तोवर विटेसारखं झालेलं. मग उन्हाळा लागला. आपल्याकडचं ऊन तुला माहितीय, माणसाची कातडी सोडत नाही, ते कापडाला काय सोडतंय? कुरणातलं गवत कंबरेला लागलं तेव्हा ते वाळल्या जर्दाळूसारखं होतं. मग तेवढाही रंग गेला. तुला नाही आठवत?"

"मला लालच आठवतं."

"तुला पहिला दिवस आठवतो. पोरांना पहिला दिवसच आठवतो." तिने त्याची वाटी ओढून घेतली आणि पुन्हा अर्धी भरली. "वर्षाच्या जेवणाला सगळी माणसं जमली. काठी मोडायला तुझा काका उठला. मोडायची, चुलीत घालायची, म्हणजे दुःख संपलं. रीतच ती. त्याने काठीला हात घातला, वर बघितलं आणि थांबला. मला म्हणतो, 'वहिनी, कुणी बघितलं तर म्हणेल इथे म्हातारा गेलाय.' कापड तोवर पार पांढरं झालेलं. कशाचाच रंग नाही त्यात."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मोड म्हटलं."

ओराजने वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. आपाने तो चांगला डोळा त्याच्यावर रोखला होता. "कशाला विचारलंस?"

"कामात लागतं."

"कामात!" ती म्हणाली. "तुमची कामं म्हणजे." पण मग उठताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेकू घेतल्यासारखा थोडा जास्त वेळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला बसला आणि दोन दिवस जागेवरून फारसा हलला नाही. त्याने आधी सगळं चित्र करडं करून बघितलं. रंग काढून घेतले की खरं कळतं, असं तो पोरांना सांगत आला होता. करड्यात जे वेगळं दिसत नाही ते रंगातही नुसतं भांडतं. करड्यात लाल फडकं जवळजवळ काळं दिसत होतं. शत्रूच्या गोंड्याइतकंच. तरणा, मधल्या वयाचा आणि शत्रू, तिघे एकाच काजळीतले. मग त्याने लालातून ऊन जाऊ द्यायला सुरुवात केली. वीट त्याला लगेच जमली. वीट सगळ्यांनाच जमते. त्यापुढे हात अडखळू लागला, कारण डोळे मिटले की पहिला दिवस यायचा, तयार, ओला. डोळे मिटून काम होणार नव्हतं. त्याने ते उघडे ठेवले आणि कापडाच्या घड्या धरल्या: जिथे कापड काठीला गुंडाळलेलं तिथे ऊन पोचत नाही, तिथे लाल राहतो, नखाएवढा. वाऱ्याला तोंड करून असलेली कड आधी जाते, तिचे दोरे सुटतात. बर्फाचं पाणी खाली उतरतं आणि टोकाशी तांबूस डाग धरून बसतं. एरवी ही सगळी कामं त्याने कुणाकडून तरी करून घेतली असती. ती त्याने स्वतः केली. खेळात त्या टेकडीवरून स्वाराला पुन्हा पुन्हा जावं लागे, निरनिराळ्या ऋतूंत. प्रत्येक वेळचं फडकं त्याने वेगळं केलं. आल्दियार मागे येऊन उभा राहिला, निघून गेला, परत येऊन म्हणाला, "ओरेके, हे इतकं कुणी बघणार नाही." ओराज म्हणाला, "ठाऊक आहे." हे बोलताना त्याला राग आला नाही, आणि आला नाही याचंच त्याला नवल वाटलं.

शुक्रवारी बाहेर थंडी होती, आभाळ निवळलं होतं, आणि खिडकीत डोंगर इतका जवळ आला होता की त्याच्यावरचं नवं बर्फ खोलीत उजेड टाकत होतं. आधी दोन अनोळखी माणसं बसली. पहिल्या पोराने टेकडीवरून घोडा तसाच दौडत नेला. घराकडे त्याने मानसुद्धा वळवली नाही. दुसरा घराभोवती एक फेरी मारून, आत काही मिळत नाही असं बघून, पुढे गेला. कुणी पेटवलं नाही. आल्दियारने समाधानाने हात चोळले. "राहिलं घर. अभिनंदन, ओरेके." ओराजने मान हलवली. घर राहिलं होतं, पण पहिल्या पोराची न वळलेली मान त्याच्या नजरेसमोरून हलेना. जो लाल बघून स्वार लगाम ओढायचे तो त्याने इतका मऊ केला होता की आता त्याच्याखालून कुणीही शिटी वाजवत जाऊ शकत होतं. ज्याला कुणी जाळत नाही त्याच्याकडे कुणी बघतही नाही, एवढंच त्याने मिळवलं असावं.

मग कामशात आली. गालांवर थंडीचा लाल, हातात मोजे.

"तू आता कोरी राहिली नाहीस," आल्दियार म्हणाला. "तुझं मत धरणार नाही."

"नका धरू. मला ते घर बघायचंय. आगाय, आजीने मला काय काय सुनावलं माहितीय? फोनवर सांगितलं तर म्हणते, 'कार्टे, मयताचं घर जाळलंस? तुझ्या पणजोबांनी ऐकलं असतं तर थडग्यात कूस बदलली असती!' मी म्हटलं, आजी, खेळ आहे. तर म्हणते, 'मग खेळात तरी माणसासारखी वाग.'"

ती बसली. घोडा टेकडीवर आला. हातात मशाल होतीच. काठीवर विटेच्या रंगाचं फडकं उडत होतं आणि आतून तो रडण्याचा सूर येत होता. कामशातने घोडा थांबवला. थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली, मग हळूच वळसा घालून निघाली. लढाया झाल्या, लाल गोंडे पडले. ती चपळ होती, चुकत नव्हती. उन्हाळ्यात ती पुन्हा त्या वाटेने गेली. गवत वाढलं होतं, फडक्यात जर्दाळूचा रंग उरला होता, आतला सूर दमलेला होता, शब्द गाळत होता. खोलीतले बाकीचे आपापल्या कामाला लागले होते. आल्दियार फोनवर होता. ओराज भिंतीला टेकून उभा होता, आणि आपण कशाची वाट बघतोय हे त्याला सांगता आलं नसतं.

शेवटी ती आली तेव्हा गवत पिवळं पडलेलं होतं. दुपारचं आभाळ, ढग नाही. घरातून आवाज येत नव्हता, धुराची एक बारीक रेघ मात्र वर जात होती. काठीवरच्या कापडात आता रंग नव्हता. काठीच्या वेढ्याखाली कुठेतरी नखाएवढा असेल. कामशातने घोडा उभा केला. मशाल विझवायचं एक बटण खेळात होतं, ते कधी कुणी वापरत नसे. तिने ते शोधायला कंट्रोलर उलटसुलट करून बघितला, सापडलं, आणि मशाल विझली. मग ती घोड्यावरून खाली उतरली आणि लगाम धरून दारापासून जरा लांब उभी राहिली. पडद्यावर काहीच होत नव्हतं. वारा आला की गवत एका बाजूला झुकत होतं, तेवढंच.

"आगाय," ती मागे न वळता म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता. "इथे कुणी म्हातारं गेलंय ना?"

एकोणीस, असा शब्द ओराजच्या तोंडापर्यंत आला. त्याने त्या पांढऱ्याकडे बघितलं. डोळे मिटले, तर पहिला दिवस आला नाही. उघडले, तर समोर तेच होतं, दुपार, टेकडी, कापड.

"हो," तो म्हणाला. "म्हातारा झाला होता."